ऊस, वीज आणि पोलाद : मोटार उद्योगातील स्वच्छ उत्पादनाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

मोटारगाडीचे प्रदूषण म्हणजे तिच्या मागच्या नळीतून निघणारा धूर, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती आणि भारतातील नियमनही बराच काळ त्या धुराभोवतीच फिरत राहिले. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र प्रश्नाचा परीघ विस्तारला आहे. गाडीचा पत्रा ज्या भट्टीत तयार झाला ती भट्टी कोळशावर चालते की विजेवर, रंगकामाच्या ओव्हनला उष्णता कोठून मिळते, कारखान्याच्या वीजबिलामागे कोणते वीजकेंद्र उभे आहे आणि विकलेली गाडी पुढची पंधरा वर्षे कशावर धावणार आहे, या साऱ्याचा एकत्र हिशेब मांडल्याखेरीज ‘स्वच्छ उत्पादन’ या शब्दाला अर्थ उरत नाही, याविषयी आता फारसा वाद नाही. वाद आहे तो हा हिशेब कोठून सुरू करायचा आणि कोठे थांबवायचा याविषयी.

या हिशेबासाठी उत्सर्जनाचे तीन स्तर मानले जातात. कारखान्याच्या आवारात प्रत्यक्ष जळणाऱ्या इंधनाचे उत्सर्जन हा पहिला स्तर, विकत घेतलेल्या विजेमागचे उत्सर्जन हा दुसरा, आणि कच्चा माल, सुटे भाग, वाहतूक व विकलेल्या वस्तूचा वापर यांतून होणारे उत्सर्जन हा तिसरा. उद्योगात हे स्तर ‘स्कोप’ या नावाने ओळखले जातात. मोटार उद्योगात पहिले दोन स्तर मिळूनही एकूण भाराचा लहानसाच भाग होतो आणि उरलेला सारा तिसऱ्या स्तरात पडतो. कंपन्यांची नियंत्रणशक्ती मात्र नेमकी उलट्या क्रमाने आहे : आवारात ती सर्वाधिक आणि आवाराबाहेर उत्तरोत्तर कमी. पुढील बहुतेक मतभेदांचे मूळ या विषमतेत आहे.

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचे बारामती आणि इंदापूर हे तालुके या प्रश्नाच्या अभ्यासाला विशेष सोयीचे आहेत. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओ कंपनीचा तीनचाकी गाड्या व व्हेस्पा स्कूटर बनवणारा कारखाना आहे, तेथेच भारत फोर्जचा सुट्या भागांचा कारखाना आहे. सोमेश्वर, माळेगाव आणि भवानीनगरचा छत्रपती असे सहकारी साखर कारखाने याच पट्ट्यात गाळप करतात. आणि या सर्वांना पाणी पुरवणाऱ्या नीरा नदीचा डावा कालवा इंदापूर तालुक्यातील कळंबपर्यंतच्या उसाला भिजवीत जातो. गाडी, तिचे पोलाद आणि तिचे संभाव्य इंधन ही तिन्ही एवढ्या जवळ क्वचितच सापडतात.

पार्श्वभूमी

साखर आणि मोटार यांचा या भागातील संबंध नवा नाही. इंदापूर तालुक्यातील कळंब येथे वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात कालव्याच्या पाण्यावर साखर कारखाना आणि त्याभोवती वालचंदनगर ही वसाहत उभारली. पुढे १९४४ मध्ये मुंबईत त्यांनीच प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, जिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील गाड्या नंतर ‘फिएट’ आणि ‘पद्मिनी’ या नावांनी दोन पिढ्यांच्या परिचयाच्या झाल्या. साखरेच्या मळीपासून केलेले अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळण्याची कल्पनाही तितकीच जुनी आहे, कारण त्यासाठीचा ‘पॉवर अल्कोहोल’ कायदा १९४८ मध्येच झाला होता. स्वस्त खनिज तेलाच्या काळात ती कल्पना मागे पडली आणि २००० मध्ये तो कायदाही रद्द झाला.

मोटारींच्या धुरावरील नियमन देशभर एकसूत्री झाले ते २००० नंतर. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ मध्ये वाहनइंधन धोरणाचा अहवाल दिला आणि ‘भारत स्टेज’ मानकांची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी सुरू झाली. पाचवा टप्पा वगळून सहावा टप्पा एप्रिल २०२० पासून लागू झाला. ही मानके नायट्रोजनची ऑक्साइडे, सूक्ष्म कण आदी आरोग्याला घातक घटकांसंबंधी आहेत. हवामानबदलाशी संबंधित कार्बन डायऑक्साइडचे नियमन वेगळ्या मार्गाने, ‘कॅफे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकषांतून होते. त्यांत एकेका गाडीला नव्हे, तर कंपनीने वर्षभरात विकलेल्या सर्व गाड्यांच्या सरासरीला मर्यादा असते. २०१७-१८ पासून ही मर्यादा दर किलोमीटरला सुमारे १३० ग्रॅम, तर २०२२-२३ पासून सुमारे ११३ ग्रॅम ठरली.

कारखान्याच्या आतील ऊर्जेकडे लक्ष वळले ते मुख्यतः स्वेच्छेच्या प्रतिज्ञांमुळे. वापरातील सर्व वीज अपारंपरिक स्रोतांतून घेण्याची ‘आरई-१००’ ही आंतरराष्ट्रीय प्रतिज्ञा टाटा मोटर्सने २०१६ मध्ये स्वीकारली. ऊर्जेच्या प्रत्येक एककामागे होणारे उत्पादन दुप्पट करण्याची ‘ईपी-१००’ ही प्रतिज्ञा त्याच वर्षी महिंद्र आणि महिंद्रने सर्व कंपन्यांच्या आधी घेतली आणि गुंतवणुकीचे निर्णय घेताना दर टन कार्बनमागे दहा डॉलर इतकी अंतर्गत किंमत धरण्यास सुरुवात केली. ‘सेबी’ने मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांना पर्यावरणीय तपशील जाहीर करणे २०२२-२३ पासून बंधनकारक केल्याने या प्रतिज्ञांना हिशेबाची जोड मिळाली.

कारखान्याच्या भिंतींच्या आत

मोटार कारखान्याचे साधारण चार विभाग असतात : पत्रा दाबून आकार देणारे प्रेस शॉप, ते आकार जोडणारे वेल्ड शॉप, रंगकामाचे पेंट शॉप आणि जुळणीची असेंब्ली लाइन. यांपैकी ऊर्जेचा सर्वांत मोठा वाटा पेंट शॉपचा असतो, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते.

त्याचे कारण प्रक्रियेतच आहे. जोडून तयार झालेला गाडीचा सांगाडा आधी धुऊन तेलमुक्त केला जातो, मग गंजरोधक रसायनाच्या हौदात आणि त्यानंतर रंगाच्या हौदात पूर्ण बुडवला जातो, जेथे विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने रंगाचा पहिला थर अगदी सांध्यांच्या फटींतही बसतो. हा थर सुमारे १६० ते १८० अंश सेल्सिअस तापमानाच्या ओव्हनमध्ये भाजावा लागतो. पुढे प्रायमर, रंगाचा मूळ थर आणि वरचा पारदर्शक थर फवारताना बूथमधील हवेचे तापमान व दमटपणा काटेकोर राखावा लागतो, कारण त्यात थोडा जरी फरक पडला तरी पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे उमटतात. प्रचंड प्रमाणातील हवा आधी थंड किंवा गरम करायची, तिच्यातील ओल नेमकी राखायची आणि काही सेकंदांत बाहेर टाकून द्यायची, असा हा खर्चिक व्यवहार आहे.

म्हणूनच सुधारणाही येथेच सर्वाधिक झाल्या आहेत. ओल्या थरावरच पुढचा ओला थर फवारून मधली एक भाजणी वाचवणे, बूथमधील हवा कोरड्या गाळण्यांतून गाळून पुन्हा वापरणे, द्रावकयुक्त रंगांऐवजी पाण्यावर आधारलेले रंग वापरणे आणि ओव्हनची वाया जाणारी उष्णता धुण्याच्या पाण्याला देणे, हे उपाय आता रुळले आहेत. ओव्हनमधील नैसर्गिक वायू हटवून सारी उष्णता विजेने देणे ही पुढची पायरी आहे, आणि बीएमडब्ल्यूने हंगेरीतील डेब्रेत्सेन येथे २०२५ मध्ये सुरू केलेल्या कारखान्यात ती गाठली आहे. ज्या देशात वीज मुख्यतः कोळशाची आहे तेथे हा बदल घाईने केल्यास उत्सर्जन घटण्याऐवजी वाढूही शकते. पेंट शॉपचा निर्णय म्हणूनच विजेच्या स्रोताच्या निर्णयापासून सुटा काढता येत नाही.

सौरऊर्जेची दृश्य उदाहरणे पुणे परिसरात पुष्कळ आहेत. टाटा मोटर्सच्या चिखली येथील कारखान्यात २०२१ मध्ये तयार गाड्यांच्या वाहनतळावर ६.२ मेगावॉट क्षमतेचे सौरछत उभारण्यात आले. सुमारे ३०,००० चौरस मीटरवर पसरलेल्या या छताची वार्षिक निर्मिती ८६.४ लाख युनिट अपेक्षित होती, आणि खालच्या गाड्यांना सावली मिळते हा त्याचा वेगळा लाभ. इगतपुरी येथील महिंद्रचा इंजिन कारखाना २०१९ मध्ये ‘कार्बन-तटस्थ’, म्हणजे केलेले उत्सर्जन आणि टाळलेले वा शोषलेले उत्सर्जन यांची वजाबाकी शून्यावर आणणारा, म्हणून प्रमाणित झाला. पण छतावरचे सौरपट मोठ्या कारखान्याच्या गरजेचा काही भागच भागवतात. पेंट शॉप तिन्ही पाळ्यांत चालते आणि सूर्य एकाच पाळीत असतो.

वीज कोणाची आणि भार कोणावर

उरलेली वीज बाहेरून आणायची तर ‘मुक्त प्रवेश’ ही व्यवस्था वापरावी लागते. तिच्यानुसार ग्राहक वितरण कंपनीऐवजी दूरच्या सौर वा पवन प्रकल्पाकडून वीज घेतो आणि तारांच्या वापराचे शुल्क भरतो. केंद्र सरकारच्या २०२२च्या नियमांनी हरित विजेसाठी या सवलतीची किमान मर्यादा एक मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणल्यामुळे मध्यम उद्योगांनाही ती खुली झाली. दुसरा मार्ग ‘समूह स्वनिर्मिती’चा, ज्यात ग्राहकांनी मिळून प्रकल्पाचे किमान २६ टक्के भागभांडवल घ्यावे आणि किमान ५१ टक्के वीज स्वतः वापरावी अशी अट असते, व त्या बदल्यात अनुदानापोटीचा अधिभार माफ होतो.

हा अधिभार हेच वादाचे केंद्र आहे. महाराष्ट्रात औद्योगिक ग्राहकाचा वीजदर पुरवठ्याच्या सरासरी खर्चापेक्षा जास्त आणि शेतीपंपाचा त्यापेक्षा कितीतरी कमी ठेवलेला असतो. एकाच्या जादा दरातून दुसऱ्याची तूट भरली जाते. मोठे कारखाने महावितरणच्या जाळ्यातून अंशतः बाहेर पडले की ही भरपाई आटते. उद्योगाची भूमिका अशी, की कारखान्याने स्वखर्चाने स्वच्छ वीज उभारली तर त्याला जुन्या तुटीचा दंड लावणे अन्यायाचे आहे आणि निर्यातीत स्पर्धा करणाऱ्यांना परवडणारे नाही. वितरण व्यवस्थेची बाजू अशी, की दुपारी स्वतःची स्वस्त वीज वापरून सायंकाळी व रात्री जाळ्यावर अवलंबून राहणारा ग्राहक राखीव क्षमतेचा खर्च इतरांवर ढकलतो. दोन्ही युक्तिवादांत तथ्य आहे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील सौरछत आणि कळंबच्या विहिरीवरचा पंप एकाच दरपत्रकाने बांधलेले आहेत, ही वस्तुस्थिती स्वच्छ ऊर्जेच्या चर्चेत पुरेशी उमटत नाही.

शेतीसाठीच्या वाहिन्या थेट सौर प्रकल्पांना जोडून शेतकऱ्याला दिवसा वीज देण्याची ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’ ही २०२३ पासूनची योजना या गाठीवरचा एक उपाय म्हणून पुढे आली आहे. रात्री-अपरात्री दारे धरायला जाण्यातून शेतकऱ्याची सुटका करणे हा तिचा मानवी लाभ स्पष्ट आहे. शेतीचा पुरवठाखर्च तिच्यामुळे किती घटेल आणि उद्योगावरचा अधिभार त्यामुळे किती उतरेल, हे मात्र येत्या काही वर्षांच्या दरआदेशांतूनच दिसेल.

पोलाद आणि पुरवठादार

गाडीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पोलाद व लोखंड यांचा असतो, त्यामुळे तिसऱ्या स्तरातील साहित्याचा विचार पोलादापासूनच सुरू होतो. भारतात एक टन कच्च्या पोलादामागे सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ‘हरित पोलादा’ची व्याख्या जाहीर केली, जिच्यानुसार दर टनाला २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असलेले पोलाद हरित ठरते आणि १.६ टनांपेक्षा कमी असल्यास त्याला पाच तारांकित दर्जा मिळतो. पुण्यात कल्याणी समूहाने ‘फेरेस्टा’ या नावाचे पोलाद डिसेंबर २०२२ मध्ये बाजारात आणले. त्याचा आधार विद्युतभट्टी आणि अपारंपरिक वीज हा आहे.

विद्युतभट्टीतील पोलाद स्वच्छ ठरते याचे मोठे कारण असे, की ते बव्हंशी भंगारापासून बनते आणि खनिजातून ऑक्सिजन काढण्यासाठी लागणारा कोळसा वाचतो. भंगाराचा पुरवठा मर्यादित आहे, आणि भंगारासोबत येणारे तांबे, कथिल यांचे अंश गाडीच्या बाहेरच्या गुळगुळीत पत्र्याला चालत नाहीत. सर्वच कारखानदारांनी भंगाराधारित पोलाद मागितले तर उत्सर्जन कमी होण्याऐवजी ते दुसऱ्या खरेदीदाराकडे सरकेल, हा आक्षेप त्यामुळे गंभीरपणे घेण्याजोगा आहे.

पोलादापासून भाग बनवणाऱ्यांचे चित्र अधिक विखुरलेले आहे. क्रँकशाफ्टसारखा भाग घडवताना पोलादाचा ठोकळा सुमारे १,२०० अंशांपर्यंत तापवून घणयंत्राखाली घालतात. तापवण्यासाठी तेलाची किंवा वायूची भट्टी वापरली तर उष्णतेचा मोठा भाग धुराड्यातून निघून जातो, तर विद्युत-प्रवर्तनाने, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातून धातूतच प्रवाह निर्माण करून तापवल्यास थोडक्या वेळात ठोकळा लाल होतो आणि त्यावर पापुद्राही कमी धरतो. कोल्हापूरच्या ओतकामाच्या व्यवसायात कोकवर चालणाऱ्या कुपोला भट्ट्यांकडून प्रवर्तन भट्ट्यांकडे झालेले स्थित्यंतर याच जातीचे आहे. मोठ्या कंपन्यांना हा बदल भांडवलाच्या बळावर करता येतो. भोसरी, चाकण वा बारामतीतील दहा-वीस कामगारांच्या शेडला मात्र भट्टी बदलण्याचे कर्ज, वाढीव वीजजोडणी आणि खरेदीदाराने मागितलेली उत्सर्जनाची आकडेवारी ही तिन्ही ओझी एकदम येतात, आणि मालाला मिळणारा दर तोच राहतो. या खर्चाची वाटणी कशी व्हावी याविषयी उद्योगात कोणताही सर्वमान्य संकेत अजून तयार झालेला नाही. प्रस्तुत आढाव्यातील सर्वांत दुर्लक्षित बाब हीच म्हणावी लागेल.

गाडी कशावर चालावी

विकलेल्या गाडीच्या वापरातून होणारे उत्सर्जन हा तिसऱ्या स्तरातील सर्वांत मोठा घटक असल्याने स्वच्छ उत्पादनाची चर्चा अखेर इंधनापाशी येते. येथे दोन प्रमुख भूमिका आहेत.

पहिली भूमिका थेट विद्युतीकरणाची असून भारतात टाटा मोटर्स आणि महिंद्र हे तिचे ठळक प्रतिनिधी आहेत. टाटांची विजेवरील नेक्सॉन जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. महिंद्रने नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर केलेल्या विजेच्या गाड्या चाकण येथे बनतात. बजाजची चेतक पुणे परिसरातच विजेवर पुनर्जन्म पावली. आणि पियाजिओने डिसेंबर २०१९ मध्ये विजेवरील ॲपे आणली. दुसरी भूमिका अनेक मार्ग एकाच वेळी खुले ठेवण्याची आहे. टोयोटा किर्लोस्कर व मारुती सुझुकी यांच्या या मांडणीत हायब्रिड, सीएनजी, शेणापासूनचा जैववायू आणि इथेनॉल या सर्वांना स्थान असून, ग्राहकाची ऐपत व देशातील विजेची स्थिती पाहता एकाच तंत्रावर भर देणे जोखमीचे आहे, असे तिचे म्हणणे आहे.

दोन्ही बाजूंच्या दाव्यांची ढोबळ पडताळणी करता येते. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरला १६ किलोमीटर धावणाऱ्या गाडीसाठी हे प्रमाण किलोमीटरला सुमारे १४४ ग्रॅम पडते. भारतीय जाळ्यातील विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो उत्सर्जन धरले आणि विजेची गाडी युनिटला ७ किलोमीटर जाते असे मानले, तर १०० ग्रॅम होतात. वहन व चार्जिंगमधील गळती मिळवली की आकडा ११५ ते १२० पर्यंत पोचतो. पेट्रोल शुद्धीकरणाचा आणि बॅटरीनिर्मितीचा भार दोन्ही पारड्यांत वेगळा घालावा लागतो. म्हणजे आजच्या जाळ्यावर विजेचा लाभ आहे, पण तो प्रचंड नाही. ‘आयसीसीटी’ या संशोधनसंस्थेने २०२१ मध्ये केलेल्या जीवनचक्र-अभ्यासात, म्हणजे खनिज काढण्यापासून गाडी मोडीत निघेपर्यंतच्या हिशेबात, भारतात हा लाभ १९ ते ३४ टक्के आढळला, तर युरोपात तो ६६ ते ६९ टक्के होता. आयआयटी कानपूरच्या अभ्यासकांनी २०२३ मध्ये मात्र भारतीय परिस्थितीत हायब्रिड अधिक स्वच्छ ठरते असा निष्कर्ष काढला. विजेचे भविष्य, बॅटरीचे आयुष्य आणि गाडीचे एकूण अंतर यांविषयीची गृहीतके बदलली की उत्तर बदलते. पंधरा वर्षे रस्त्यावर राहणाऱ्या गाडीसाठी आजचे जाळे कायमचे धरणे योग्य नाही, हा विद्युतीकरणवाद्यांचा मुद्दा येथे अधिक वजनदार वाटतो.

शासनाच्या धोरणात दोन्ही भूमिकांचे ठसे आहेत. विजेच्या गाडीवर ५ टक्के वस्तू व सेवा कर असून हायब्रिडवर तो कितीतरी अधिक आहे. कॅफेच्या सरासरीत एक विजेची गाडी तीन गाड्यांइतकी मोजली जाते. आणि त्याच वेळी इथेनॉल मिश्रणाचा कार्यक्रमही वेगाने पुढे रेटला गेला आहे.

खासगी गाडीऐवजी सार्वजनिक वाहतुकीचे विद्युतीकरण आधी व्हावे, अशी तिसरी भूमिकाही वाहतूक अभ्यासकांकडून मांडली जाते. एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली होती आणि १ जून २०२२ रोजी याच मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवरील बस सुरू झाली. त्यानंतरचा ताफ्याचा विस्तार अपेक्षेहून संथ राहिला आहे.

उसाचा प्रश्न

इथेनॉलचा मुद्दा बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात केवळ तांत्रिक राहत नाही. मिश्रणाचा कार्यक्रम २००३ मध्ये ५ टक्क्यांपासून सुरू झाला, २०१८च्या जैवइंधन धोरणाने त्याला गती दिली, जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचे उद्दिष्ट मुदतीआधी गाठले गेले आणि २०२५ मध्ये २० टक्के मिश्रण म्हणजे ‘ई-२०’ देशभर पंपांवर आले. कारखान्यात उसाचा रस आटवून साखरेचे स्फटिक टप्प्याटप्प्याने वेगळे केले जातात. सर्व टप्प्यांनंतर उरते ती ‘सी-हेवी’ मळी. एक टप्पा आधीच थांबल्यास मिळते ती साखरेचा अंश अधिक असलेली ‘बी-हेवी’ मळी. आणि साखर न करता थेट रस वा सिरपही आसवनीला देता येतो. जितके आधी थांबावे तितकी साखर कमी आणि इथेनॉल जास्त. साखरेचे भाव पडलेले असताना हा पर्याय कारखान्यांना ताबडतोब पैसा आणि शेतकऱ्याला वेळेवर एफआरपी, म्हणजे कायद्याने ठरलेला किमान ऊसदर, मिळवून देतो. सहकारी साखर कारखानदारी त्याच्याकडे आधार म्हणून पाहते ते यामुळेच.

गाडीच्या बाजूने पाहता इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश आहे. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यानेच नमूद केले होते, की ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींचा किलोमीटरचा उतारा ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल आणि ई-२० साठीच जुळवलेल्या गाड्यांत ही घट १ ते २ टक्के राहील. २०२५ मध्ये याच घटीवरून वाहनमालकांत मोठी चर्चा झाली. कितीही प्रमाणातील मिश्रण चालणारे ‘फ्लेक्स-फ्युएल’ इंजिन हा पुढचा टप्पा असून टोयोटाने ऑगस्ट २०२३ मध्ये इनोव्हाचे तसे प्रारूप दाखवले.

पाण्याच्या बाजूने पाहता चित्र अवघड होते. त्याच आराखड्यात साखरेपासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते असे म्हटले आहे. ३५ लिटरची टाकी ई-२० ने भरली तर तिच्यात ७ लिटर इथेनॉल येते, आणि त्यामागे सुमारे २०,००० लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर, शेतात गेलेले असतात. इंदापूर तालुक्याचा मोठा भाग अवर्षणप्रवण आहे आणि कालव्याच्या आवर्तनावरून येथे वर्षानुवर्षे तंटे होत आले आहेत. यावर उत्तर असे दिले जाते, की मळी हा साखरेचा उपपदार्थ असल्याने सारे पाणी तिच्या नावावर टाकणे बरोबर नाही आणि ठिबकाने उसाचे पाणी बरेच वाचते. बारामतीच्या ॲग्रिकल्चर डेव्हलपमेंट ट्रस्टने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने उसाला पाणी व खत मोजून देण्याचे प्रयोगही केले आहेत. उत्तराचा पहिला भाग सी-हेवी मळीला लागू पडतो. रसापासूनच्या इथेनॉलला तो लागू पडत नाही.

जमिनीच्या हिशेबाने केलेली तुलनाही विचारात घेण्याजोगी आहे. एकरी ४० टन ऊस आणि टनाला ७० लिटर इथेनॉल धरल्यास एका एकरातून वर्षाला २,८०० लिटर मिळते, ज्यावर लिटरला १० किलोमीटरप्रमाणे गाडी २८,००० किलोमीटर जाईल. एक मेगावॉट सौर प्रकल्पाला पाच एकर लागतात असे मानले, तर एका एकरावरील २०० किलोवॉटमधून वर्षाला सुमारे ३ लाख युनिट मिळतात आणि विजेची गाडी त्यावर २१ लाख किलोमीटर, म्हणजे पंचाहत्तरपट, धावते. ही तुलना ढोबळ असून तिच्यात बॅटरीचा खर्च, रात्रीची साठवण, उसापासूनचे बगॅस, वाढे व रोजगार यांची मोजदाद नाही; शिवाय सौरपटांना बागायती काळी जमीन लागत नाही, माळरान पुरते. तरीही एवढी तफावत कोणत्याही दुरुस्तीने पूर्णपणे मिटेल असे दिसत नाही. त्यामुळे इथेनॉलचे समर्थन ऊर्जाकार्यक्षमतेपेक्षा शेतकऱ्याचे उत्पन्न आणि तेलाच्या आयातीतील बचत या कारणांवर करणे अधिक प्रामाणिक ठरेल.

२०२३-२४ पासून देशातील इथेनॉलमध्ये मका व तांदूळ यांचा वाटा उसाच्या वाट्यापेक्षा मोठा झाला आहे. पाण्याचा ताण त्याने काहीसा हलका होतो, पण मक्याचे दर चढल्याने कुक्कुटपालन करणाऱ्यांचा खाद्यखर्च वाढतो, आणि हा व्यवसायही याच तालुक्यांतील अनेक कुटुंबांचा आधार आहे.

अनिर्णित मुद्दे

गाडीच्या अखेरच्या प्रवासाविषयीचे नियम अलीकडचे आहेत. बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम ऑगस्ट २०२२ मध्ये आणि आयुष्य संपलेल्या वाहनांचे नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले. दुसऱ्या नियमांनुसार कंपन्यांनी पूर्वी बाजारात आणलेल्या गाड्यांतील पोलादाच्या किमान ८ टक्के पोलाद पहिल्या टप्प्यात पुनर्वापरात आणावयाचे आहे. नोंदणीकृत मोडणी केंद्रांपर्यंत गाडी पोचेल की नेहमीच्या भंगारवाल्याकडे जाईल, यावर या नियमांचे यश ठरेल.

रोजगाराचा प्रश्न अधिक खोल आहे. विजेच्या गाडीत हलणारे भाग खूपच कमी असतात. पिस्टन, व्हॉल्व्ह, गिअर आणि सायलेन्सर बनवणाऱ्या शेडचे काम हळूहळू आटेल. बॅटरी व इलेक्ट्रॉनिक भागांतील नवे काम त्याच गावात, त्याच कौशल्याच्या माणसाला मिळेल याची खात्री कोणी देत नाही. एप्रिल २०२७ पासून अपेक्षित असलेल्या कॅफेच्या तिसऱ्या टप्प्यात लहान गाड्यांना वजनाच्या आधारे सवलत असावी की नाही, यावरून कंपन्यांमध्येच दोन तट आहेत. आणि पाणी हा घटक तर यांपैकी कोणत्याच निकषात मोजला जात नाही.

या सर्व मतभेदांच्या तळाशी काळाच्या मापांतील विसंगती आहे. सौर प्रकल्पाचा वीजखरेदी करार साधारण पंचवीस वर्षांचा असतो, गाडीचे नवे प्रारूप चार-पाच वर्षांत घडते, वीजदराचा आदेश त्याहून कमी काळात बदलतो आणि इथेनॉलचे धोरण एका पुरवठा वर्षात उलटू शकते. ७ डिसेंबर २०२३ रोजी, गाळप ऐन भरात असताना, साखरेच्या तुटीच्या भीतीने केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. आठवडाभरात १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत ती शिथिल केली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढील वर्षासाठी उठवली. नीरेकाठी आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावतात आणि तो तुटायला सोळा ते अठरा महिने जातात. त्या बंदीच्या हंगामात तुटलेला आडसाली ऊस २०२२च्या पावसाळ्यात लावलेला होता, आणि त्या वेळी १० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट नुकतेच मुदतीआधी गाठले गेले होते.